तिसरा फोटो

नकाशावर आमचं घर कॅनॉलमध्ये पडतं.
टाचणी बरोबर पाण्यात,
हिंगण्याच्या पुलापासून चाळीसेक पावलं.
तिथून रोज कुणीतरी फोन करतं:
मॅडम, लोकेशनला पोचलो, पण इथे काहीच नाही.
मी विचारते, पाणी दिसतंय?
हो म्हणतात.
मग थोडे मागे या.

मागे म्हणजे कुठे, हे सांगता सांगता
माझी डाळ तीनदा करपली.
म्हणून एका रविवारी, ऊन तापायच्या आत,
चपला सरकवून निघाले,
मोठ्या रस्त्यापासून दारापर्यंत
क्रमाने फोटो काढत.

पहिला पीएमटीच्या थांब्याचा.
तिचं नाव बदलून जमाना झाला,
पण आमच्या तोंडात पीएमटीच.
दुसऱ्यात डीपीची पेटी, पेटीवर कवटी,
आणि कवटीच्या कपाळाला
कुणीतरी रोज लावतं ते कुंकू.

फ्लेक्स मुद्दाम टाळला.
त्यावरचे चेहरे दर पंधरवड्याला बदलतात.
भावी, भावी, आणि परत भावी.

इस्त्रीवाले रणपिसे म्हणाले, माझा कशाला,
पण कोळशाची इस्त्री खाली ठेवून
आधी केस नीट केले.
तुमचा नाही हो, टपरीचा, मी म्हटलं.
ते बाजूला झाले. फोटोत कोपर आलं.

आणि त्याच्या आधी, तिसरा,
लुकतुक्यांच्या लुनाचा.
लुकतुके गेले त्याला सात वर्षं झाली,
मुलगा पर्थला,
किल्ली कुणाकडे ते कुणालाच माहीत नाही.
चाकं जमिनीत रुतलेली,
सीटवर मांजराने बसून बसून पाडलेली खळी,
वाकड्या आरशात
फक्त आमच्या जिन्याची खिडकी.
लुनापासून डावीकडे. इतकं सोपं.

अकरावा आमच्या दाराचा. त्यात माझं बोट आलंय.

तेव्हापासून कुणी विचारलं की मी बोलत नाही.
पाठवते.
माणसं येतात, कोरडी.

मार्चमधल्या एका मंगळवारी फोन आला.
काकू, तिसऱ्या फोटूतली गाडी नाही की इथं.
नीट बघ.
नाही ओ. नुसता चौकोन हाय.

खिडकीतून पाहिलं. खरंच.
बेवारस वाहनं उचलणारे सकाळी आले होते म्हणे.
रणपिसे नंतर म्हणाले,
चौघं लागले, पण हलकी निघाली.

सगळ्या रस्त्यावर धूळ,
तेवढाच तुकडा काळा, तेलकट,
सात वर्षं कुणी न तुडवलेला.
मांजर कडेला बसलेलं,
आत पाय टाकत नव्हतं.

मी फोनवर सांगायला लागले,
लुना होती ना, तिथून...
आणि थांबले.
'होती'वरून कुणी डावीकडे कसं वळणार?

म्हटलं, तू हलू नकोस.
गाऊनवर ओढणी टाकून खाली उतरले
आणि त्या चौकोनात जाऊन
हात वर करून उभी राहिले.
दिसतेय का?
दिसतायसा, काकू.

व्यंकट नाव त्याचं. उदगीरचा.
खोकं दिलं, मिक्सरच्या भांड्याचं,
ओटीपी घेतला,
मग दोन पावलं मागे सरकला
आणि मोबाइल वर धरला.
पोचवल्याचा फोटू लागतो, म्हणाला.
माझा हात आपोआप केसांकडे गेला.

तुमचा नाही ओ. खोक्याचा.

तोवर क्लिक झालं होतं.
कुठल्या कंपनीच्या कुठल्या कपाटात
माझं कोपर पडून असेल, देव जाणे.

नवा तिसरा फोटो अजून काढलेला नाही.
हल्ली दहाच पाठवते,
आणि चपला घालते.